सरावात दहापैकी आठ, सामन्यात दहापैकी पाच: विद्यार्थ्यांनी फ्री थ्रोचा सराव नेमका कसा करावा?

७ एप्रिल २००८. अमेरिकेतल्या सॅन अँटोनियो शहरात एनसीएए म्हणजे विद्यापीठांच्या बास्केटबॉल स्पर्धेची अंतिम लढत सुरू होती. एका बाजूला मेम्फिस, दुसऱ्या बाजूला कॅन्सस. मेम्फिसचा संघ त्या हंगामात तोवर फक्त एक सामना हरला होता. सामना संपायला दोन मिनिटं आणि काही सेकंद उरले होते तेव्हा मेम्फिस ६०-५१ असा नऊ गुणांनी पुढे होता.

मागे पडलेल्या कॅन्ससने शेवटचा उपाय केला. मुद्दाम फाऊल करायचे आणि मेम्फिसच्या खेळाडूंना फ्री थ्रो मारायला लावायचे. मेम्फिसची फ्री थ्रोची टक्केवारी हंगामभर ६१ च्या आसपास होती आणि हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटच्या सव्वा मिनिटात मेम्फिसने पाचपैकी चार फ्री थ्रो चुकवले. जेमतेम दोन सेकंद उरले असताना कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सने तीन गुणांचा बास्केट करून ६३-६३ अशी बरोबरी साधली. जादा वेळेत कॅन्ससने सामना ७५-६८ असा जिंकला.

त्या चार थ्रोंच्या वेळी समोर एकही बचावपटू नव्हता. अंतर तेच, रिंग तीच, घाई कसलीच नाही. मग इतका सोपा दिसणारा शॉट चुकतो कसा? आणि शाळा-कॉलेजच्या मुलामुलींनी तो सुधारायचा तर नेमकं काय करायचं?

फ्री थ्रो म्हणजे काय?

प्रतिस्पर्ध्याने ठराविक प्रकारचा फाऊल केला की खेळाडूला रेषेवरून विनाअडथळा शॉट मारण्याची संधी मिळते. प्रत्येक यशस्वी थ्रोला एक गुण. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ही रेषा बोर्डाच्या दर्शनी भागापासून ४.६ मीटरवर असते आणि रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर. पंचांनी बॉल हातात दिल्यावर पाच सेकंदांच्या आत थ्रो मारावा लागतो.

खेळाच्या सुरुवातीच्या काळात संघातला एखादा तरबेज खेळाडू सगळ्यांचे फ्री थ्रो मारत असे. १९२४ च्या सुमारास नियम बदलला आणि ज्याच्यावर फाऊल झाला त्यानेच थ्रो मारायचा असं ठरलं. त्यामुळे फ्री थ्रो संघातल्या प्रत्येकाला यावाच लागतो, अगदी रिंगखाली उभ्या राहणाऱ्या सर्वांत उंच खेळाडूलासुद्धा.

गंमत अशी की गेल्या पन्नासेक वर्षांत खेळाडू अधिक उंच, अधिक ताकदवान झाले, प्रशिक्षण सुधारलं, तरी फ्री थ्रोची टक्केवारी फारशी हलली नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या पुरुष संघांची सरासरी अनेक दशकं ६९ टक्क्यांच्या आसपास राहिली, तर एनबीए या व्यावसायिक लीगची ७५ च्या आसपास. म्हणजे ताकद आणि उंची वाढल्याने हा प्रश्न सुटत नाही. प्रश्न सरावाच्या पद्धतीचा आहे.

दोन-तीन टक्क्यांनी काय फरक पडतो?

समजा एका संघाला सामन्यात २० फ्री थ्रो मिळाले. ६० टक्क्यांनी मारले तर १२ गुण, ७५ टक्क्यांनी मारले तर १५. शाळा-कॉलेजचे कितीतरी सामने याच तीन गुणांवर ठरतात.

दोन थ्रो लागोपाठ मिळाले तर फरक आणखी स्पष्ट दिसतो. ५० टक्क्यांचा खेळाडू दोन्ही थ्रो यशस्वी करण्याची शक्यता २५ टक्के असते. ७० टक्क्यांच्या खेळाडूची ४९ टक्के आणि ८० टक्क्यांच्या खेळाडूची ६४ टक्के. तीन विरुद्ध तीन प्रकारात तर कमानीच्या आतून मारलेल्या बास्केटलाही एकच गुण मिळतो. तिथे फ्री थ्रोची किंमत साध्या बास्केटइतकीच होते.

आधी गणित: बॉल उंचावरून का यायला हवा?

रिंगचा आतला व्यास साधारण ४५ सेंटीमीटर. पुरुषांच्या ७ नंबरच्या बॉलचा व्यास साधारण २४ सेंटीमीटर. बॉल थेट वरून आला तर त्याला ४५ सेंटीमीटरचं पूर्ण तोंड मिळतं. पण तो जितका आडवा येईल तितकं ते तोंड अरुंद होत जातं. ४५ अंशांत येणाऱ्या बॉलला सुमारे ३२ सेंटीमीटर जागा मिळते. ३५ अंशांत आला तर जेमतेम २६. आणि ३० अंशांत आला तर फक्त साडेबावीस, म्हणजे बॉलच्या व्यासापेक्षाही कमी. असा सपाट बॉल रिंगला न लागता आत जाऊच शकत नाही.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॅरी सिल्व्हरबर्ग आणि चाऊ ट्रॅन या अभियंत्यांनी २००८ मध्ये संगणकावर असंख्य फ्री थ्रो मारून पाहिले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे उंच पुरुष खेळाडूसाठी बॉल सुमारे ५२ अंशांच्या कोनात सोडणं सर्वांत फायद्याचं. बॉलला सेकंदाला साधारण तीन फेरे उलटी फिरकी असावी. नेम रिंगच्या अगदी मध्यावर न धरता थोडा पुढे, मागच्या कडेच्या दिशेने धरावा. त्यांच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बॉल सुटतानाचा वेग दर वेळी सारखा ठेवणं.

शाळेतल्या मुलांची उंची कमी असते, त्यामुळे त्यांचा बॉल खालून निघतो आणि त्यांना कमान थोडी जास्तच द्यावी लागते. पण मैदानावर कोणी कोनमापक घेऊन उभं राहत नाही. त्यासाठी सोपी खूण अशी की थ्रोच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर बॉल बोर्डाच्या वरच्या कडेच्या आसपास पोहोचला पाहिजे. बाजूला उभ्या राहिलेल्या मित्राला हे चटकन दिसतं.

उभं राहणं, हात आणि पाय

प्रत्येकाची शैली थोडी वेगळी असते, पण चांगल्या थ्रोमध्ये काही गोष्टी हमखास सापडतात.

• पाय खांद्याइतके फाकलेले. उजव्या हाताने मारणाऱ्याचा उजवा पाय किंचित पुढे, रिंगच्या मध्याच्या सरळ रेषेत.
• बॉल बोटांवर, तळहातात रुतलेला नाही. दुसरा हात फक्त आधाराला. तो बॉल ढकलत नाही.
• कोपर रिंगच्या दिशेने. बाहेर फाकलेलं नाही.
• गुडघे थोडे वाकलेले. ताकद पायांतून वर येते, हातातून नाही.
• बॉल सुटल्यावर हात वरच राहतो, मनगट पुढे झुकलेलं. बॉल रिंगला लागेपर्यंत हात खाली येत नाही.

चूक कुठे होते हे बॉलच सांगतो. थ्रो वारंवार आखूड पडत असेल तर पाय वापरले जात नाहीत किंवा दमले आहेत. डावी-उजवीकडे जात असेल तर कोपर, पावलांची दिशा किंवा आधाराचा हात तपासायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम सांगितल्या की मुलं गोंधळतात आणि होता तो थ्रोही बिघडतो.

बॉलचा आकार आणि रिंगची उंचीही वयाला साजेशी हवी. मुलींसाठी ६ नंबर, लहान मुलांसाठी ५ नंबर. बारा वर्षांखालच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते. मोठा बॉल आणि उंच रिंग दिली की लहान मूल तो बॉल छातीपासून किंवा कमरेपासून फेकायला लागतं. ती सवय पुढे कित्येक वर्षं सुटत नाही.

लागोपाठ शंभर थ्रो का फसवतात?

बहुतेक ठिकाणी फ्री थ्रोचा सराव असा होतो. सराव संपत आला की रेषेवर उभं राहायचं आणि ५० किंवा १०० थ्रो मारायचे. बॉल परत द्यायला मित्र असतोच. दहाव्या-बाराव्या थ्रोनंतर हात बसतो आणि बॉल आत पडायला लागतो. मुलाला वाटतं, जमलं.

पण सामन्यात दहावा-बारावा थ्रो कधी येतच नाही. सामन्यात मिळतात एक किंवा दोन, क्वचित तीन. तेही धावून दम लागलेला असताना आणि आधीचा थ्रो मारून दहा मिनिटं उलटलेली असताना. लागोपाठच्या सरावात प्रत्येक थ्रो आधीच्या थ्रोची दुरुस्ती असतो. सामन्यात ती सोय नसते. तिथे पहिलाच थ्रो बरोबर यावा लागतो.

हालचाली शिकण्याच्या शास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. १९७८ मध्ये रॉबर्ट केर आणि बर्नार्ड बूथ यांनी लहान मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकायला दिल्या. एका गटाने तीन फुटांवरूनच सराव केला. दुसऱ्या गटाने दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून एकदाही नाही. नंतर तीन फुटांवरून परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट सरस ठरला. १९८६ मध्ये सायना गुड आणि रिचर्ड मॅगिल यांनी बॅडमिंटनच्या सर्व्हिसवर असाच प्रयोग केला. ज्यांनी तीन प्रकारच्या सर्व्हिस उलटसुलट क्रमाने मारल्या, त्यांना नंतरच्या चाचणीत एकेक प्रकार लागोपाठ घोकणाऱ्यांपेक्षा अधिक यश मिळालं.

याचा अर्थ रेषेवरचा सराव निरुपयोगी आहे का? नाही. २००५ मध्ये कीच, श्मिट, ली आणि यंग या संशोधकांनी अनुभवी बास्केटबॉल खेळाडूंना वेगवेगळ्या अंतरांवरून थ्रो मारायला लावले. अंतर वाढेल तसं यश कमी होत गेलं, हे अपेक्षितच होतं. पण नेमक्या फ्री थ्रोच्या रेषेवर हे खेळाडू अपेक्षेपेक्षा बरेच चांगले निघाले. वर्षानुवर्षं एकाच जागेवरून मारलेल्या हजारो थ्रोंनी त्या अंतराचं खास कौशल्य तयार केलं होतं.

दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर उत्तर मिळतं. रेषेवरून भरपूर थ्रो मारायलाच हवेत, पण ते एका दमात नाही, तर सरावभर विखरून. पन्नास थ्रो शेवटी एकत्र मारण्याऐवजी दोन-दोनचे पंचवीस डाव. मध्ये धावणं, पासिंग, ले-अप, बचावाचा सराव. सरावातली टक्केवारी सुरुवातीला घसरेल. घाबरायचं कारण नाही. घसरलेला आकडाच खरा असतो, आधीचा फुगलेला होता.

नजर कुठे ठेवायची?

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या डोळ्यांची हालचाल टिपणारं उपकरण वापरून फ्री थ्रोचा अभ्यास केला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात असं दिसलं की उत्तम फ्री थ्रो मारणाऱ्या खेळाडू थ्रो सुरू करण्यापूर्वी रिंगच्या एका ठिकाणी जवळपास एक सेकंद नजर स्थिर ठेवत होत्या. कमी यश मिळवणाऱ्यांची नजर त्याच्या निम्मा वेळही स्थिर राहत नव्हती. ती रिंग, बोर्ड, जाळी अशी भिरभिरत होती.

२००१ मध्ये हार्ल आणि व्हिकर्स यांनी हीच गोष्ट विद्यापीठाच्या महिला संघाला शिकवली. पद्धत साधी होती. रेषेवर उभं राहून बॉलचे तीन टप्पे मारायचे. मग बॉल उचलून रिंगच्या एका बिंदूवर साधारण सेकंदभर नजर रोखायची. मग न रेंगाळता एका ओघात थ्रो. दोन हंगामांत त्या संघाची सामन्यांमधली टक्केवारी पूर्वीपेक्षा २० हून जास्त अंकांनी वाढली.

विद्यार्थ्यांसाठी यात खर्च शून्य आहे. रिंगच्या पुढच्या किंवा मागच्या कडेचा एकच बिंदू ठरवायचा आणि तो बदलायचा नाही.

लक्ष हातावर की रिंगवर?

थ्रो चुकायला लागला की पीटीचे सर सांगतात, "मनगटाकडे लक्ष दे." नव्याने शिकताना हे ठीक आहे. पण थ्रो बसल्यानंतर हाच सल्ला अडचणीचा ठरू शकतो. २००५ मध्ये अमेरिकेत झॅक्री, वुल्फ आणि सहकाऱ्यांनी फ्री थ्रो मारणाऱ्यांना एकदा मनगटाच्या हालचालीकडे आणि एकदा रिंगच्या मागच्या कडेकडे लक्ष द्यायला सांगितलं. रिंगकडे लक्ष असताना नेम अधिक अचूक होता आणि दंडाच्या स्नायूंना कमी काम पडत होतं.

म्हणून तंत्राची दुरुस्ती सरावाच्या सुरुवातीला, जवळून थ्रो मारताना करावी. रेषेवर उभं राहिल्यावर डोक्यात फक्त रिंग असावी.

ठरलेला क्रम: तीन टप्पे, एक श्वास

मोठे खेळाडू फ्री थ्रोपूर्वी दर वेळी तेच करतात. कोणी तीन टप्पे मारतो, कोणी बॉल हातात फिरवतो. ही अंधश्रद्धा नाही. लॉन्सडेल आणि टॅम यांनी २००८ मध्ये एनबीए खेळाडूंच्या चित्रफिती तपासल्या. खेळाडूने आपला नेहमीचा क्रम पाळला तेव्हा सुमारे ८४ टक्के थ्रो आत गेले. क्रम मोडला तेव्हा सुमारे ७१ टक्के.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियाचे टॉम अँबेरी. ते पायाच्या विकारांचे डॉक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांनी फ्री थ्रोचा ध्यास घेतला आणि १५ नोव्हेंबर १९९३ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, लागोपाठ २,७५० फ्री थ्रो यशस्वी केले. सुमारे बारा तासांनी ते थांबले, तेही थ्रो चुकला म्हणून नाही, तर जिम बंद करायची वेळ झाली म्हणून. प्रत्येक थ्रोपूर्वीचा त्यांचा क्रम एकसारखा होता.

विद्यार्थ्यांचा क्रम पाच सेकंदांत बसला पाहिजे. उदाहरणार्थ, पाय रेषेशी लावायचे, तीन टप्पे, एक लांब श्वास सोडायचा, नजर बिंदूवर, थ्रो. क्रम कोणता यापेक्षा तो दर वेळी तोच असणं महत्त्वाचं. सरावातल्या एकाही थ्रोला त्यातून सूट नाही.

दबाव आला की काय होतं?

२००९ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी एनबीए सामन्यांच्या शेवटच्या मिनिटातले फ्री थ्रो तपासले. संघ एक किंवा दोन गुणांनी मागे असताना व्यावसायिक खेळाडूही स्वतःच्या सरासरीपेक्षा वाईट मारत होते. बरोबरी असताना मात्र त्यांची कामगिरी सरासरीपेक्षा चांगली होती. चुकलो तर हरलो ही भावना हात आवळते.

१९९५ च्या एनबीए अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात ऑर्लँडो मॅजिकच्या निक अँडरसनने शेवटच्या काही सेकंदांत लागोपाठ चार फ्री थ्रो चुकवले. ह्यूस्टन रॉकेट्सने बरोबरी केली, जादा वेळेत सामना जिंकला आणि पुढे मालिका ४-० ने खिशात घातली. अँडरसन तोवर साधारण ७० टक्क्यांचा खेळाडू होता. १९९६-९७ च्या हंगामात त्याची टक्केवारी ४० पर्यंत घसरली. तंत्र तेच होतं, बिघडलं ते मन.

ही गोष्ट शिक्षकांनी आणि पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेवटचा थ्रो चुकलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर "तुझ्यामुळे हरलो" म्हटलं तर पुढच्या वेळी तो रिंगकडे बघतच नाही, बाकावर बसलेल्यांकडे बघतो. दबावाची सवय लावायची ती सरावात, हळूहळू आणि सगळ्यांना सारखीच.

मनातल्या मनात सराव: खरं किती, अफवा किती?

सोशल मीडियावर एक गोष्ट नेहमी फिरते. एका गटाने रोज सराव केला, दुसऱ्याने फक्त डोळे मिटून कल्पना केली आणि दोघांची प्रगती जवळजवळ सारखीच झाली. या गोष्टीला आधार आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते.

१९६० मध्ये व्हर्डेल क्लार्क यांनी हायस्कूलच्या १४४ मुलांवर एका हाताने मारायच्या फ्री थ्रोचा प्रयोग केला. शाळेच्या संघातून खेळणाऱ्या मुलांमध्ये मनातल्या सरावाचा फायदा प्रत्यक्ष सरावाच्या जवळपास पोहोचला. पण अगदी नवख्या मुलांमध्ये प्रत्यक्ष सराव बराच पुढे राहिला. कारण उघड आहे. ज्याला थ्रो कसा वाटतो हे शरीराने माहीत नाही, तो कल्पना कशाची करणार?

म्हणून मनातला सराव पूरक म्हणून वापरावा. परीक्षेच्या दिवसांत, पावसात मैदान बंद असताना किंवा दुखापतीत तो कामाचा आहे. रोज पाच मिनिटं पूर्ण क्रम, टप्प्यांच्या आवाजासकट, डोळ्यांसमोर आणायचा.

खालून थ्रो: जमतो, पण लाज वाटते

रिक बॅरी हा अमेरिकन खेळाडू दोन्ही हातांनी खालून, दोन पायांच्या मधून बॉल उचलून फ्री थ्रो मारायचा. कारकिर्दीत त्याचे जवळपास ९० टक्के थ्रो आत गेले. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात १०० गुण केले, तेव्हा ३२ पैकी २८ फ्री थ्रो यशस्वी केले. त्या हंगामात तोही खालूनच मारत होता. पुढे त्याने ती पद्धत सोडली. तसं मारताना आपण हास्यास्पद दिसतो असं वाटायचं, हे त्याने नंतर कबूल केलं. कारकिर्दीअखेर त्याची टक्केवारी ५१ होती.

प्रत्येक विद्यार्थ्याने खालून मारावं असा याचा अर्थ नाही. पण दोन्ही हातांनी समान जोर लागतो आणि बॉल हळुवार पडतो, त्यामुळे वरून अजिबात न जमणाऱ्या मुलाला हा पर्याय करून पाहू द्यायला हरकत नाही. बाकीच्यांनी हसू नये, ही जबाबदारी प्रशिक्षकाची.

मैदान आधी मोजा

आपल्याकडे अनेक शाळांची मैदानं उघडी, सिमेंटची असतात. रंग उडाल्यावर रेषा पुन्हा मारताना ती दहा-वीस सेंटीमीटर इकडेतिकडे होते. अशा रेषेवर वर्षभर सराव केलेला संघ स्पर्धेच्या मैदानावर गेला की थ्रो आखूड किंवा लांब पडायला लागतात.

तपासणं सोपं आहे. बोर्डाच्या दर्शनी भागावरून ओळंबा सोडायचा आणि तिथून टेपने ४.६ मीटर मोजायचे. फ्री थ्रोच्या रेषेची दूरची कड तिथे आली पाहिजे. रिंगची उंचीही मोजावी. रिंग पुढे झुकलेली असेल तर आधी ती दुरुस्त करावी. वारा असेल त्या दिवशी आकडे लिहिताना "वारा" अशी नोंद करावी. धुळीने गुळगुळीत झालेला बॉल पुसूनच सराव सुरू करावा.

आठ आठवड्यांचा आराखडा

आठवड्यातून तीन ते चार दिवस, नेहमीच्या सरावातच बसवता येईल असा हा क्रम आहे.

आठवडा १ आणि २: रिंगपासून दीड-दोन मीटरवरून एका हाताने रोज ३० थ्रो. बॉल कमानीत जाऊन रिंगला न लागता पडला तरच मोजायचा. इथेच कोपर, पाय, मनगट दुरुस्त करायचं. प्रत्येकाने आपला क्रम आणि नजरेचा बिंदू ठरवायचा.

आठवडा ३ आणि ४: रेषेवरून, रेषेच्या अर्धा मीटर पुढून आणि अर्धा मीटर मागून आलटून पालटून. एका जागेवरून लागोपाठ दोनच थ्रो. दिवसाला ४० थ्रो.

आठवडा ५ आणि ६: सगळे थ्रो रेषेवरूनच, पण जोडीजोडीने आणि इतर सरावाच्या मध्ये. मैदानाच्या दोन फेऱ्या किंवा ले-अपचा डाव, लगेच दोन थ्रो. बॉल देणाऱ्याने पंचांसारखा द्यावा आणि मोठ्याने पाच सेकंद मोजावेत.

आठवडा ७ आणि ८: सामन्याची परिस्थिती. "एक गुणाने मागे, वेळ संपली, दोन थ्रो." संघ बाजूला उभा राहून आरडाओरडा करेल. सरावाच्या शेवटी रोज वेगळ्या दोन खेळाडूंना प्रत्येकी दोन थ्रो. दोघांचे मिळून तीन आत गेले तर सगळ्यांची एक फेरी माफ. चुकले तर त्या दोघांसकट सगळे एक फेरी धावतात. कोणालाही एकट्याला शिक्षा नाही.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तंत्रात काहीही नवीन बदल करायचा नाही.

वहीत दोन रकाने

प्रगती डोळ्यांनी ठरवू नये. ७० टक्के यश असणारा खेळाडू दहा थ्रोंमध्ये कधी पाच मारतो, कधी नऊ. दोन्ही स्वाभाविक आहे. त्यामुळे एका दिवसाच्या दहा थ्रोंवरून "फॉर्म गेला" किंवा "आता जमलं" म्हणणं चुकीचं. किमान शंभर थ्रोंची बेरीज झाल्यावरच आकड्याकडे बघावं. तेव्हाही चार-पाच टक्के वरखाली होणं साहजिक असतं.

वहीत दोन रकाने आखावेत, एक सरावाचा आणि एक सामन्यांचा. सरावाच्या रकान्यात फक्त दोन-दोनच्या जोडीने मारलेले थ्रो लिहावेत, लागोपाठचे नाहीत. जोडीतला पहिला थ्रो वेगळा लिहिला तर आणखी चांगलं, कारण सामन्यात हात बसायला वेळ मिळत नाही आणि खरी परीक्षा पहिल्या थ्रोचीच असते.

सरावात ८० आणि सामन्यात ५० असं दिसलं तर आणखी शंभर थ्रो मारून उपयोग नाही. त्या मुलाचं तंत्र ठीक आहे, त्याला दम लागलेला असताना, लोक बघत असताना थ्रो मारायची सवय हवी आहे. दोन्ही रकान्यांत ५० असेल तर पुन्हा रिंगजवळ जाऊन पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करायची. आणि सरावाचा आकडा न वाढताही सामन्याचा आकडा त्याच्या जवळ सरकत असेल, तर सराव योग्य दिशेने चालला आहे असं समजावं.